दाब... धर... सोड!

दोस्तांनो, तुमच्या आजोळी, शेजारी किंवा ओळखीत कुणाकडे जुनी मोटार आहे का? दार लावलं की 'धप्प' असा भारदस्त आवाज करणारी आणि जिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असतो, अशी? आमच्याकडे आहे. तिचं नाव प्रीमियर पद्मिनी.

मूळची ही इटलीतली फियाट. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावलेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या बहुतेक याच. त्यातल्या शेवटच्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आता पद्मिनी दिसते ती हौशी लोकांच्या दारात.

आम्ही राहतो वाईला. एका रविवारी आजीला घेऊन पाचगणीला जायचं ठरलं. डबे भरले, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, आजीनं लोकरीची शाल घेतली. मी गाडी सुरू केली आणि फाटकातून मागं घेऊ लागलो. थांबायला म्हणून ब्रेक दाबला, तर पेडल सरळ खाली गेलं! लोण्यात बोट जावं तसं. गाडी मात्र थांबेना. मी घाईनं हँडब्रेक ओढला. तो तारेवर चालतो, म्हणून निभावलं. गाडी समोरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभी राहिली.

खाली वाकून पाहिलं तर पुढच्या चाकामागं जमिनीवर ओला डाग होता.

कुणी काही बोललं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, पसरणीचा घाट. वाईहून पाचगणीला चढतो तो. हीच नळी तिथं, परतीच्या उतारावर फुटली असती तर?

पायाचा जोर चाकापर्यंत जातो कसा?

तुम्ही कधी विचार केलाय का, की माणसाचा एक पाय जवळपास हजार किलोची धावती गाडी कशी थांबवतो? ही करामत पाण्यासारख्या पातळ पदार्थाची आहे. हवा दाबली की आकसते, पण द्रव सहसा आकसत नाही. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला, की तो सगळीकडे सारखाच पोचतो. हा नियम सांगितला सतराव्या शतकातल्या फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल यांनी. हे पास्कल म्हणजे भारी माणूस! वडिलांना कराचे हिशेब करणं सोपं जावं म्हणून विशी गाठण्याआधीच त्यांनी बेरीज-वजाबाकीचं यंत्र करायला घेतलं होतं.

आता गाडीत काय होतं ते पाहा. पेडल दाबलं की 'मास्टर सिलिंडर'मधला दट्ट्या पुढं सरकतो. त्याच्यापुढचा द्रव बारीक नळ्यांमधून चारही चाकांकडे ढकलला जातो. तिथले छोटे दट्टे ब्रेकचे शू ड्रमवर दाबतात आणि चाक थांबतं. समजा, तुम्ही २० किलोच्या जोरानं पेडल दाबलं. पेडल म्हणजे तरफ. तिनं तो जोर पाचपट केला आणि दट्ट्याचं तोंड ४ चौरस सेंटिमीटर असलं, तर नळीत दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोचा दाब होतो. म्हणजे टायरमधल्या हवेच्या दहा-बारा पट!

पूर्वीच्या मोटारींत सळ्या आणि तारा ओढून ब्रेक लावत. एक चाक जास्त आवळलं जाई, दुसरं कमी, आणि गाडी भलतीकडेच ओढली जाई. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग गाडीत चारही चाकांना द्रवाचे ब्रेक आले. तेव्हापासून हीच पद्धत रुळत गेली.

आमच्या गाडीत चारही चाकांना मिळून द्रवाचा एकच मार्ग आहे. तीन जागी तर नळी रबराची आहे, दोन पुढच्या चाकांपाशी आणि एक मागच्या अ‍ॅक्सलपाशी. चाकं वर-खाली होतात, वळतात, म्हणून तिथं लवचीक नळी लागते. एकीला भोक पडलं की चारही ब्रेक गेले! नंतरच्या गाड्यांत दोन वेगळे मार्ग करतात. एक बिघडला तरी दुसरा शिल्लक राहतो.

रंग नवा, नळी जुनी

मिस्त्री आले. त्यांनी गाडी जॅकवर उचलली, खाली लोखंडी घोडे लावले आणि गाडीला चांगले हिसके देऊन पाहिले. "नुसत्या जॅकच्या भरवशावर कधी खाली शिरायचं नाही, पोरी," ते माझ्या पुतणीला म्हणाले. ती आठवीत आहे. रविवारची सहल बुडाल्यामुळं जरा फुगूनच बसली होती. पण हे ऐकून पुढं सरकली.

फुटलेली रबरी नळी त्यांनी सोडवून तिच्या हातात दिली. वाकवली तर तिच्यावर म्हाताऱ्या माणसाच्या टाचेसारख्या भेगा दिसल्या. दुसरी नळी वरून ठीक वाटत होती. मिस्त्रींनी तीही काढायला लावली. "रबर आतूनही फुगतं. मग द्रव जोरानं जातो, पण परत येत नाही. पाय काढला तरी चाक आवळलेलंच राहतं. आतलं आपल्याला दिसत नाही, म्हणून तिन्ही बदलायच्या."

मग त्यांनी लोखंडी नळीवर सुरीचं टोक हळूच खरवडलं. वरचा चकचकीत काळा रंग सुटला आणि खालून गंजाचे पोपडे पडले. मला अगदी शरमल्यासारखं झालं. आदल्याच वर्षी मी गाडीला मोठ्या हौसेनं रंग दिला होता. खालची बाजूही काळी करून घेतली होती. नळ्या तपासायला मात्र सुचलं नव्हतं. गंज तसाच झाकला गेला होता.

"गंज बाहेरूनच लागतो का?" पुतणीनं विचारलं.

"आतूनही. आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण ते तेल नव्हेच. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, पावसाळ्यात मीठ ओलं होतं ना, तसं."

या पाण्यानं आणखी एक घोटाळा होतो. नवा 'डॉट ४' द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हद्द १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात सारखे ब्रेक लावून ते तापले की द्रव उकळतो, नळीत वाफ होते, आणि वाफ तर हवेसारखी दाबली जाते. पेडल पुन्हा खाली!

सुतळी, बाटली आणि माझी फजिती

नव्या नळ्या करायचं काम दोन दिवस चाललं. ब्रेकसाठीचीच पोलादी नळी आणली. बाहेरून ती ४.७५ मिलिमीटर जाड असते, म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक. तिची भिंत जेमतेम पाऊण मिलिमीटरची. पुतणीनं विचारलं, "फ्रिजवाले तांब्याची नळी वापरतात, ती का नाही चालणार?" मिस्त्रींनी मान हलवली. साधं तांबं धक्के खाऊन कडक होत जातं आणि शेवटी चिरतं. तांब्यात निकेल मिसळलेल्या मिश्रधातूची नळी मात्र उत्तम. तिला गंज लागत नाही. स्वीडनच्या व्होल्वो गाड्यांत ती १९७०च्या दशकापासून वापरतात. पण ती आमच्याकडं मिळाली नाही.

जुनी नळी नमुना म्हणून जमिनीवर ठेवली. पुतणीनं वळणावळणानं सुतळी लावून तिची लांबी मोजली. नळी हातानं वाकवली तर चेपते, म्हणून काचेच्या जाड बाटलीभोवती हळूहळू वळवायची. मग टोकाला 'फ्लेअर' करायची. म्हणजे नळीचं तोंड एका खास साच्यात धरून उलट दुमडायचं आणि त्यावर दुसरी घडी घालायची. अशी दुहेरी कड घट्ट बसते.

"एक मी करतो!" मी म्हणालो. कड झकास जमली. मी ऐटीत सगळ्यांना दाखवली. पुतणी म्हणाली, "काका, नट कुठाय?"

नट आधी नळीत ओवायचा असतो हो! आता फुगलेल्या तोंडावरून तो जाणार कसा? टोक कापलं, नळी आखूड झाली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आजी ओसरीवरून इतकी हसली, की सहल बुडाल्याचं दुःख निम्मं कमी झालं.

दाब... धर... सोड!

नळ्या बसल्या, नवा द्रव भरला. आता आतली हवा बाहेर काढायची. हे काम एकट्याचं नव्हे. पुतणी ड्रायव्हरच्या जागेवर, मिस्त्री चाकापाशी. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे मागचं डावं. तिथल्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक द्रव असलेल्या बाटलीत बुडवलं.

"दाब!" पुतणीनं पेडल दाबलं. "धर!" मिस्त्रींनी निपल उघडलं. बुडबुड करत हवा बाहेर पडली, पेडल खाली गेलं. त्यांनी निपल बंद केलं. "आता सोड!" त्याआधी पाय उचलला तर बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते. चार चाकं, किती वेळा ते मोजायचं आम्ही सोडून दिलं. मास्टर सिलिंडरची कुंडी रिकामी होऊ न देण्याचं काम माझं. थेंबभर द्रव मडगार्डवर सांडला तर मिस्त्री ओरडलेच. हा द्रव रंग खातो आणि विषारीही असतो. लगेच भरपूर पाण्यानं धुतला.

हळूहळू पेडल कडक लागू लागलं. "आता जोरात दाबून धर आणि साठ आकडे मोज." पुतणीनं मोजले. पेडल तसूभरही सरकलं नाही. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात ती उतरली आणि एकेका जोडाखाली कोरा कागद टेकवू लागली. चौथ्या कागदावर मोहरीएवढा ओला ठिपका उमटला.

मला वाटलं, नट अजून आवळला की झालं. मिस्त्रींनी तो सोडला, कड तपासली. ती किंचित तिरकी होती. टोक कापून नवी कड केली आणि त्या चाकाची हवा पुन्हा काढली. रात्रीचे आठ वाजले. जाताना ते पुतणीला म्हणाले, "हा ठिपका मला दिसला नव्हता."

पुढच्या रविवारी आधी घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर सावकाश गाडी चालवून पाहिली, मग पाचगणी. येताना पसरणीचा घाट खालच्या गिअरमध्ये उतरलो. प्रत्येक वळणावर पेडल दाबलं आणि प्रत्येक वळणावर गाडी सावकाश झाली. आजी मागं शाल पांघरून चक्क झोपली होती.

करून पाहा

औषधाच्या दुकानातून सुईशिवायच्या दोन नव्या सिरिंज आणा, एक ५ मिलीची, एक २० मिलीची. दोन्ही पाण्यानं भरून बारीक नळीनं जोडा, हवा राहू देऊ नका. छोटी दाबा आणि मोठीच्या दट्ट्यावर मित्राला अंगठा ठेवायला सांगा. तुमचा जोर दुपटीहून जास्त होऊन त्याच्यापर्यंत पोचेल! मग आत मोठा बुडबुडा जाऊ द्या आणि पुन्हा दाबा. आमचं पेडल मऊ का झालं असतं, ते बोटालाच कळेल.

आणि आई-बाबांना एक निरोप द्या. गाडी जुनी असो की नवी, ब्रेकचा द्रव साधारण दोन वर्षांनी बदलावा आणि त्याच वेळी रबरी नळ्या वाकवून पाहायला सांगाव्यात. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यायचं. कागद टेकवून पाहायचं काम मात्र तुमचं!