अळवावरचा थेंब नक्की कशासारखा?

दोस्तांनो, 'पावसाळा' हा निबंध आला की वहीत हमखास काय उतरतं? 'पावसाळ्यात खूप पाऊस पडतो. सगळीकडे हिरवेगार दिसते. मला पावसाळा खूप आवडतो.' चूक काहीच नाही. पण हा पाऊस कोकणातला की लातूरकडचा, कौलांवरचा की गच्चीवरचा, काही कळतं का? मग बाई म्हणतात, "अरे, एखादी उपमा घाला की!" आणि वर्गातल्या निम्म्या वह्यांमध्ये एकच वाक्य येतं: 'पानावरचा थेंब मोत्यासारखा दिसतो.'

आज या मोत्याचीच जरा परीक्षा घेऊ या.

परसात, कुंडीत किंवा ओढ्याकाठी अळू सापडेलच. त्याच्या पानावर बोटाने चार थेंब सोडा. (नंतर हात धुवा हं, अळू खाजरं असतं.) थेंब पसरत नाही. गोल गरगरीत होऊन चमकत बसतो. म्हणजे मोती पास झाला! व्याकरणाच्या पुस्तकात हेच चार तुकड्यांत सांगितलेलं असतं. ज्याचं वर्णन करायचं तो थेंब, म्हणजे उपमेय. ज्याची उपमा दिली तो मोती, म्हणजे उपमान. दोघांमध्ये सारखा असलेला गुण, म्हणजे साधारण धर्म. इथे तो आहे चमकदार गोलपणा. आणि 'सारखा' हा साम्यवाचक शब्द. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चारच अलंकार सांगितले आहेत, आणि त्यांत पहिलं नाव उपमेचं आहे. इतकी ती जुनी आणि मानाची!

आता पान अलगद कलतं करा. थेंब घरंगळला. वाटेत दुसऱ्या थेंबाला भिडला आणि दोघांचा मिळून एकच थेंब झाला. मोती असं करतात का? मुळीच नाही. म्हणजे मोत्याची उपमा इथे तुटली. मग दुसरी शोधू या. वारीच्या वाटेवर दिंडीला दिंडी मिळत जावी, तसे थेंब एकमेकांना मिळत गेले. बघा, मोत्याने थेंबाचं रूप दाखवलं, दिंडीने त्याची चाल दाखवली. दोन्ही उपमा बरोबर, पण प्रत्येकीचं काम वेगळं.

खरी गंमत पुढेच आहे. थेंब पसरत का नाही? अळवाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणासारखा थर असतो. थेंब फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो. खालच्या फटींमध्ये हवा अडकून राहते. पानाला पाणी धरून ठेवता येत नाही, आणि पाण्याचे कण मात्र एकमेकांना घट्ट धरून असतात. म्हणून थेंब गोळा होऊन बसतो.

आणि ती चमक? अख्खं पान बादलीतल्या पाण्यात बुडवा आणि तिरकं बघा. हिरवं पान चक्क चंदेरी दिसेल! अडकलेल्या हवेच्या थरावरून उजेड परत फिरतो, म्हणून. बाहेर काढलंत तर पान कोरडं ठणठणीत. मोत्याची चमक येते त्याच्या अंगच्या पातळ पातळ थरांमुळे. थेंबाच्या चमकीला त्याच्या पायाखालची हवा हातभार लावते. दिसायला सारखं, कारण मात्र निराळं!

कमळाचं पानही असंच असतं. घरंगळणारा थेंब जाता जाता धूळही उचलून नेतो, म्हणून चिखलात वाढूनही ते स्वच्छ दिसतं. जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी अशी पानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि १९९७ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह त्यावर शोधनिबंध लिहिला. पुढे या युक्तीवरून भिंतींना लावायचे रंगसुद्धा निघाले. पावसाने आपोआप धुऊन निघणारे!

शास्त्रज्ञांनाही उपमा लागतेच. इंग्लंडमधल्या रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आत जे दिसलं ते त्याआधी कुणी सांगितलेलंच नव्हतं. लोकांना ते समजावायचं कसं? १६६५ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की हे मधाच्या पोळ्यासारखं आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच कप्पे उभे राहिले. पण ते तिथेच थांबले नाहीत. हे कप्पे पोळ्याइतके नीटनेटके नाहीत, असंही त्यांनी सांगून टाकलं. पोळ्यात मध असतो, बुचाच्या कप्प्यांत मात्र हवा असते; म्हणून तर बूच हलकं असतं आणि पाण्यावर तरंगतं. उपमा जुळते तिथे नवी गोष्ट समजते. ती जिथे तुटते तिथे नवा प्रश्न सापडतो.

मग तुमची स्वतःची उपमा कशी तयार करायची? आधी त्या वस्तूकडे नीट बघा आणि एकच गुण निवडा. आकार, रंग, आवाज, वास, स्पर्श, हालचाल, काहीही चालेल. मग तोच गुण आणखी कुठे भेटलाय ते आठवा. पत्र्यावर पडू लागलेला पाऊस घ्या. आधी एखादा टप्प, मग दोन-चार, मग एकदम तडतडाट आणि शेवटी पुन्हा तुरळक टपटप. असा आवाज कुठे ऐकलाय? कढईत ज्वारीच्या लाह्या फुटताना! 'पत्र्यावर पाऊस लाह्यांसारखा तडतडला' असं लिहिलंत की वाचणाऱ्याच्या कानात तो वाजतोच.

चंद्रासारखा चेहरा, कापसासारखे ढग आणि चाफेकळीसारखं नाक यांना मात्र आता थोडी विश्रांती द्या. इतक्या जणांनी ती वापरली आहेत की वाचताना चंद्रही दिसत नाही आणि चेहराही दिसत नाही. उपमांचा सडाही घालू नका. एका परिच्छेदात एकच असू दे, पण ती स्वतः बघून, ऐकून, हुंगून आणलेली असू दे.

आता तुमची पाळी. आज घरातली एक वस्तू निवडा: आजीच्या हाताची कातडी, कुकरची शिट्टी, ओल्या मोज्यांचा वास, काहीही. तिच्यासाठी एक उपमा लिहा, आणि खालच्या ओळीत ती कुठे तुटते तेही लिहा. दुसरी ओळ लिहिताना जास्त वेळ लागेल. लागू द्या!