जुन्या मोटारीचें दान व करांतील सूट

आपल्याकडील अनेक शेतकरी कुटुंबांतील मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत. तेथें वर्षअखेरीस जुनी मोटार धर्मादाय संस्थेस देऊन प्राप्तिकरांत सूट मागण्याची चाल आहे. तिचें मर्म समजून घेणें हितावह होय.

पूर्वीं दाता मोटारीची किंमत बाजारभावानें स्वतःच धरी. तींत अतिशयोक्ति होऊं लागल्यानें २००४ सालीं कायदा झाला. २००५ पासून ५०० डॉलरांहून अधिक सूट मागणाऱ्यास, संस्थेस विक्रींत जी रक्कम येईल तेवढीच सूट मिळते. तीन हजारांची समजलेली मोटार लिलावांत ८०० डॉलरांस गेली, तर सूट ८०० चीच. संस्थेनें ती स्वतःच्या कार्यांत भरपूर वापरली, तिची मोठी दुरुस्ती केली किंवा गरजूस अत्यल्प किंमतींत दिली, तरच बाजारभाव धरतात.

शिवाय सूट म्हणजे रोख परतावा नव्हे. करपात्र उत्पन्न तेवढें कमी होतें. कराचा दर शेंकडा २२ असल्यास ८०० डॉलरांवर फार तर १७६ डॉलर वांचतात, आणि तेही तपशीलवार वजावट मागणाऱ्याचेच.

मोटार ३१ डिसेंबरपर्यंत संस्थेच्या स्वाधीन करावी व विक्रीची रक्कम दर्शविणारी पावती जपून ठेवावी. मोटार चालती असेल, तर ती स्वतः योग्य भावानें विकून रोख रक्कम देणें हें संस्था व दाता या उभयतांस बहुधा अधिक लाभदायक ठरतें.