अभंगातलं यंत्र, रस्त्यावरची मराठी

१९३९ साली बा. सी. मर्ढेकरांचा ‘शिशिरागम’ हा कवितासंग्रह आला तेव्हा त्यात चमकून पाहावं असं फारसं नव्हतं. प्रेम, विरह, हुरहूर. सारं ओळखीच्या वळणाचं. मग महायुद्ध झालं. १९४७मध्ये ‘काही कविता’ आला आणि त्याच कवीच्या ओळींत यंत्रं, गर्दी, पिंपातले मेलेले उंदीर शिरले. वाचक दचकले. अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून मर्ढेकर निर्दोष सुटले, पण दुर्बोधतेचा शिक्का काही पुसला गेला नाही.

तो शिक्का मला आजही अन्यायाचा वाटतो. मर्ढेकरांनी घेतले ते घरोघरी पाठ असलेले ओवी-अभंग. तुकोबांनी ज्या चालीत विठ्ठलाशी भांडण मांडलं, त्याच चालीत त्यांनी यंत्रयुगातल्या माणसाची घुसमट बसवली. ‘पंक्चर’सारख्या शब्दाला मराठी प्रत्यय लावून त्याचं क्रियापद केलं. ताल कानाला ओळखीचा आणि त्यात हे असं जग! वाचणारा अस्वस्थ होतो तो इथे. आशय बदलला म्हणून भाषा बदलली, असं आपण सहज म्हणून जातो. मला उलट वाटतं : भाषेनं वाट दिली, म्हणून तो आशय कवितेत येऊ शकला.

मर्ढेकर १९५६मध्ये गेले. त्याच सुमारास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर ही तरुण मंडळी ‘शब्द’ हे अनियतकालिक चालवत होती. पुढे कोलटकरांनी मुंबईच्या रस्त्यावरची हिंदीही कवितेत आणली.

आणि १९७२मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनासुद्धा त्यातले कित्येक शब्द अडले. मुंबईच्या कामाठीपुऱ्यातल्या माणसांच्या तोंडी रोज असलेले शब्द होते ते. छापील कवितेची त्यांच्याशी गाठच पडली नव्हती. मर्ढेकरांचा माणूस शहराकडे पाहून गुदमरतो. ढसाळांकडे ज्यांच्यावर शहर उभं आहे तेच बोलतात, शिव्या देतात, जाब विचारतात. पंचवीस वर्षांत मराठी कवितेनं कापलेलं हे अंतर मला फार मोठं वाटतं.

मर्ढेकर अजूनही ज्यांना दुर्बोध वाटतात, त्यांनी ‘काही कविता’ एकदा मोठ्यानं वाचावा. डोळ्यांनी नको, अभंगाची चाल धरून.