वाणी-अभिज्ञान व अरबी वाचनवैकल्य

मुलाने मोठ्याने वाचलेला मजकूर संगणकाने ऐकून तो छापील शब्दांशी ताडून पाहणे व अडेल तेथे साहाय्य करणे, या तंत्राचा अरबी वाचनासाठी होणारा उपयोग. वाचनवैकल्य (डिस्लेक्सिया) असलेल्या मुलाची बुद्धी, दृष्टी व श्रवणशक्ती सामान्य असूनही त्याला अक्षर व ध्वनी यांची सांगड सहजपणे घालता येत नाही.

अरबी लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. तिच्या २८ अक्षरांपैकी बहुतेकांचे रूप शब्दातील स्थानानुसार बदलते. काही अक्षरांत केवळ नुक्त्यांचा भेद असतो. देवनागरीत मात्रा अक्षराला जोडून नेहमी लिहिल्या जातात; अरबीत मात्र ऱ्हस्व स्वरांची चिन्हे (फत्हा, कस्रा, दम्मा) कुराण, बालपुस्तके इ. सोडल्यास सहसा गाळतात. त्यामुळे ‘कतबा’ (त्याने लिहिले), ‘कुतिबा’ (लिहिले गेले) व ‘कुतुब’ (पुस्तके) हे शब्द एकसारखेच दिसतात. संदर्भावरून स्वर ठरवावे लागतात आणि अडखळत वाचणाऱ्या मुलाच्या हातून नेमका संदर्भच निसटतो.

मोठ्याने वाचन ऐकणारा संगणकीय शिक्षक इंग्रजीसाठी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जॅक मोस्टो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात विकसित केला. अशा यंत्रणेत अपेक्षित मजकूर आधीच ज्ञात असतो. ध्वनिग्राहकातून आलेला आवाज त्यातील ध्वनिक्रमाशी जुळवून गाळलेला, बदललेला वा पुनरुक्त शब्द हेरला जातो. अरबीसाठी संगणकाजवळ स्वरचिन्हांसह पूर्ण पाठ असावा लागतो. मुलासमोर मात्र चिन्हे गरजेप्रमाणे दाखविता वा टप्प्याटप्प्याने कमी करता येतात.

खरी अडचण चूक कोणती, हे ठरविण्याची आहे. घरची बोली व ग्रांथिक अरबी यांत मोठे अंतर असते. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये अशा द्विस्तरीय भाषास्थितीचे विवेचन केले. ‘क़ल्ब’ (हृदय) हा शब्द कैरोच्या बोलीत ‘अल्ब’, तर आखाती बोलींत ‘गल्ब’ असा उच्चारतात. हे वाचनवैकल्याचे लक्षण नव्हे. विराम घेताना अंत्य ऱ्हस्व स्वर सोडणे तर नियमानुसारच असते. शिवाय मुलांचा स्वर प्रौढांहून उंच असल्याने केवळ प्रौढांच्या आवाजावर घडविलेली यंत्रणा त्यांच्या बाबतीत अधिक चुकते. बरोबर वाचलेला शब्द चूक ठरविल्यास आधीच खचलेले मूल वाचन टाळू लागते. म्हणून शंका असल्यास दोष न दाखविता शब्द ऐकविणे श्रेयस्कर ठरते. हे तंत्र सरावाचे साधन होय. निदान व अध्यापन यांसाठी तज्ञ व शिक्षक आवश्यकच असतात.