वार म्हणजे गाळणी नव्हे

‘आईला काही झालं नाही ना, मग बाळही सुखरूप.’ घरातल्या बायकाच असं म्हणतात असं नाही. एकेकाळी डॉक्टरही मानायचे की, वार विष अडवते. हा समज जपानमधल्या मिनामाता शहराने मोडला.

तिथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून मिथाइल पारा खाडीत जात होता आणि माशांत साठत होता. ते मासे खाणाऱ्यांना जडलेल्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. त्याच काळात तिथे मान न धरणारी, हातपाय आखडलेली बाळं जन्मत होती. त्यांनी मासा तोंडातही घातला नव्हता, आणि त्यांच्या बऱ्याच आया वरवर ठणठणीत होत्या. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ छोट्या लाकडी डबीत जपून ठेवतात. डॉ. मासाझुमी हाराडा यांनी अशा नाळा मिळवून तपासून घेतल्या, तर वर्षानुवर्षांनंतरही त्यांत पारा होता. आता हे पक्कं ठाऊक आहे की, मिथाइल पारा वार सहज ओलांडतो आणि बाळाच्या रक्तात आईच्या रक्तापेक्षाही जास्त भरतो.

पण म्हणून ‘गरोदरपणी मासे बंद’ हेही चूकच, आणि मला ते फार जाचतं. तारली, मांदेली, बांगडा या लहान माशांत पारा कमी असतो आणि बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी भरपूर. टाळायची ती मोरी आणि तिच्यासारखे मोठे शिकारी मासे. पारा मांसातच मुरलेला असतो. कोकम लावून किंवा कडक तळून तो जात नाही.

शिशाची गोष्ट वेगळी. मोठ्या माणसाच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं. गर्भासाठी हाडांतलं कॅल्शियम सुटतं, तेव्हा जुनं शिसंही रक्तात उतरतं. त्यामुळे ‘गोळ्यांनी बाळ मोठं होतं, बाळंतपण जड जातं’ म्हणून कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या फेकून देऊ नका, हे मी कळकळीने सांगते. ही दोन्ही कमी पडली की शरीर शिसं जास्त शोषतं.

बाळ खणखणीत रडलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. शिशामुळे वजन कमी भरू शकतं, दिवस भरण्याआधी प्रसूती होऊ शकते. पण मेंदूवरचा परिणाम बहुतेकदा मूल शाळेत शिकायला लागल्यावरच दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही.

सुरम्यात शिसं असू शकतं. तो गरोदर बाईने लावू नये, बाळाच्या डोळ्यांतही घालू नये. घरातलं कोणी शिशाच्या जुन्या बॅटऱ्या फोडत असेल, तर त्याने अंघोळ करून, कपडे बदलूनच घरात यावं. ते कपडे वेगळे धुवावेत, आणि गरोदर बाईने ते धुवायला घेऊ नयेत.