कोर्टाची पायरी : पण कोणती?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ ही म्हण आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. परंतु बांधाचा तंटा असो वा वाटणीचा दावा, कधी ना कधी ती पायरी चढावीच लागते. मग पहिलीनंतर दुसरी पायरी कोणती, हे तरी ठाऊक असावे. कोर्टाच्या नावावरून ते कळेलच असे नाही.

राधानगरीच्या न्यायालयाचे उदाहरण घेऊ. जमिनीच्या दाव्यात तेथील न्यायाधीश ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर’ असतात. मारामारीच्या खटल्यात तेच ‘प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी’ होतात. कोल्हापूरचे जिल्हा न्यायाधीशही फौजदारी काम चालवताना ‘सत्र न्यायाधीश’ म्हणवतात. परप्रांतात ही नावे आणखी बदलतात. तामिळनाडूत दिवाणी न्यायालयाच्या खालच्या पायरीला ‘जिल्हा मुन्सफ’ म्हणतात. ‘जिल्हा’ शब्द ऐकून ते जिल्ह्याचे मोठे न्यायालय समजू नये. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात तर ‘सुप्रीम कोर्ट’ हे दावा प्रथम चालवणारे न्यायालय आहे आणि सर्वांत वरचे ‘कोर्ट ऑफ अपील्स’!

तेव्हा नाव सोडून अपिलाची वाट पाहावी. राधानगरीतील दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील होते. त्याची मुदत ३० दिवस. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्यातून वगळतात. तेथे साक्षीपुरावा पुन्हा तपासता येतो. त्यानंतरचे दुसरे अपील उच्च न्यायालयात, ९० दिवसांच्या आत. मात्र ते कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतेच चालते. बांध कोणी कोरला, याची चर्चा तेथे सहसा होत नाही. ‘सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊ’ असे पारावर म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पुराव्याची खरी लढाई जिल्ह्यातच संपते.

आता उच्च न्यायालय कोणते? संस्थानकाळात कोल्हापूरचे स्वतःचे उच्च न्यायालय होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि अपिलाची वाट मुंबईकडे वळली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात आला. उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे कागलचा शेतकरी अपिलासाठी मुंबईला, तर शेजारच्या निपाणीचा मराठी शेतकरी बंगळूरला जाऊ लागला. कायदा दोघांनाही तोच, पण रेषेने वाट बदलली. २००८ मध्ये धारवाडला कर्नाटक उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आले, ते २०१३ मध्ये कायम झाले. कोल्हापूरला मात्र वकील व पक्षकारांनी अनेक वर्षे आंदोलन केल्यावर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. हे वेगळे उच्च न्यायालय नव्हे. मुंबईचेच न्यायमूर्ती येथे बसतात. परंतु ज्याची रोजगारावर चूल पेटते, त्याला मुंबईची एक फेरी वाचणे ही लहान गोष्ट नाही.

आपल्या घरांतून शिकलेले आपणच पहिले असू, तर निकालाचा कागद आपल्याच हाती येणार. तेव्हा वकीलसाहेबांना तीन गोष्टी विचाराव्यात : अपील कोठे, किती दिवसांत आणि कोणत्या मुद्द्यावर? पायरी चढायचीच असेल, तर मोजून चढावी.