मासळीच्या गावाची साक्ष

वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे तानसा नदीच्या काठाने आहेत. पाण्याला किंचित खारट चव आहे आणि पश्चिमेला समुद्र फार दूर नाही. मग हे पाणी समुद्राचे की पावसाचे? कोकणातल्या गरम झऱ्यांबाबत शास्त्रज्ञांनी हा प्रश्न पाण्यालाच विचारला. खोल मुरून तापलेले मुख्यतः पावसाचेच पाणी वर येते, असे उत्तर मिळाले. चवीवरून ते कळले नसते. साक्ष दिली ती पाण्यातल्या ऑक्सिजन आणि हायड्रोजनने. हीच साक्ष बाजारातल्या मासळीविषयी काढता येईल का, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वस्तुमानाचे असतात, हजारात सुमारे दोन १८ वस्तुमानाचे. या भावंडांना समस्थानिके म्हणतात. ती किरणोत्सारी नसल्याने कितीही काळ तशीच राहतात. समुद्राची वाफ होताना हलके अणू आधी उडतात, जड अणू मागे रेंगाळतात. म्हणून पावसाचे पाणी समुद्राहून 'हलके' असते. जगभरच्या पावसाच्या पाण्यात जड ऑक्सिजन आणि जड हायड्रोजन जवळजवळ एका सरळ रेषेत चालतात, हे हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये दाखवले. झऱ्याचे पाणी त्या रेषेवर बसते की नाही, हे पाहून त्याचे कूळ कळते.

मासा याच पाण्यात वाढतो. त्याच्या कानात चुनखडीचा एक बारीक खडा असतो. झाडाच्या खोडासारखे त्यात वाढीचे थर साचतात आणि प्रत्येक थरात त्या वेळच्या पाण्याचा ऑक्सिजन अडकतो. मांसातला कार्बन आणि नायट्रोजन मात्र खाण्यातून येतो. समुद्रातल्या प्लवकांचा कार्बन आणि सोयाबीनचा कार्बन यांचे प्रमाण वेगळे असते. म्हणूनच तळ्यात तयार खाद्यावर पोसलेली कोळंबी आणि समुद्रातून धरलेली कोळंबी यांत फरक करणे या पद्धतीला तुलनेने सोपे जाते.

दोन समुद्र ओळखणे त्याहून अवघड, पण अशक्य नाही. अरबी समुद्राच्या मधल्या थरात प्राणवायू फारच कमी आहे. तिथले जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात, त्यातला हलका नायट्रोजन वायू होऊन निघून जातो आणि उरलेले नायट्रेट जड होते. ते वर आले की प्लवकांत आणि पुढे माशांत उतरते. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचे अमाप गोडे पाणी मिसळते, म्हणून तिथला पृष्ठभागावरचा ऑक्सिजन हलका असतो.

आता पापलेटकडे येऊ. २०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित केले गेले. पालघर जिल्ह्यातले सातपाटी त्यासाठी नावाजलेले. 'सातपाटीचे' म्हटले की भाव चढतो, आणि भाव चढला की त्या नावाखाली दुसरीकडचा बर्फातला माल खपण्याची वाटही उघडते. मग ज्या कोळणीच्या पाटीत खरोखर पहाटेची मासळी आहे, तिच्याकडे शब्दाखेरीज पुरावा नसतो.

समस्थानिके तिला हा पुरावा देतील का? अर्धाच. 'हे पापलेट सातपाटीचे' असे यंत्र कधीच सांगणार नाही, कारण सातपाटी आणि गुजरातचा किनारा यांच्या मधल्या पाण्यात राज्याची हद्द नाही. मासाही एका जागी थांबत नाही. 'हे या समुद्रातले दिसत नाही' असे मात्र ते सांगू शकते. फसवणूक पकडायला बहुधा तेवढे पुरते.

त्यातही पथ्ये आहेत. अन्नसाखळीत एकेक पायरी वर चढताना जड नायट्रोजन हजारी तीन-चारने वाढतो. तेव्हा लहान आणि मोठ्या माशाची तुलना केली तर वयाचा फरक गावाचा समजला जाईल. चरबीत जड कार्बन कमी असतो, म्हणून मापनाआधी ती काढतात किंवा तिचा हिशेब धरतात. डोके कापून तुकडे केलेल्या माशात कानातला खडाच उरत नाही. पावसाळ्यात तानसेचे पाणी वैतरणेतून समुद्राला मिळते तेव्हा खाडीच्या तोंडचा ऑक्सिजनही बदलतो.

म्हणून यंत्राआधी नकाशा हवा. कुठल्या तारखेला, कुठल्या पाण्यात, केवढ्या लांबीचा मासा मिळाला याच्या खात्रीच्या नोंदी आणि त्या माशांची मापे, दोन्ही हवीत. जून-जुलैच्या मासेमारीबंदीच्या आधी आणि नंतर, वर्षानुवर्षे. मोजणारे लोक आपल्याकडे आहेत. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. पण खात्रीचा नमुना फक्त होडीवरचा तांडेलच देऊ शकतो. त्याला या कामात बरोबरीचे स्थान नसेल, तर नकाशाचा पायाच कच्चा राहील.

आणि तपासणी कुणाची करायची, हेही आधी ठरवावे लागेल. महागडी चाचणी घाऊक व्यापाऱ्याच्या शीतगृहात व्हावी. कोळणीच्या पाटीवर ती लादली, तर ज्या शास्त्राने तिची बाजू घ्यायची तेच तिच्यावर संशय घेऊ लागेल.